62 हजारच झालेत, तरी टायमिंग बेल्ट बदलायचा?

सिडकोकर :
2013 ची महिंद्राची व्हेरिटो डिझेल, आपल्या नाशकातच बनलेली. मीटरवर 62 हजार किमी. सर्व्हिसिंगला टाकली तर गॅरेजवाला म्हणतो, टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करवणारा पट्टा), टेन्शनर (तो ताणून धरणारी पुली), वॉटर पंप एकदमच बदला, साडेबारा हजार. बेल्ट कंपनीचा पहिलाच आहे. गाडी मस्त चालते, आवाज नाही, धूर नाही. मला हा खर्च उगाच वाटतो. कंपनीने सांगितलेले किमी भरू देत, मग बघू. काय म्हणता?

गंगापूररोडवाला :
साफ चूक. किमी आणि वर्षं, जे आधी भरेल ते धरायचं. रबर आहे, गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी ते जुनं होतंच. आणि आवाजाची वाट बघू नका. बेल्ट बहुतेक वेळा न सांगताच तुटतो.

डिझेलभक्त :
घाबरवायचा धंदा आहे हा. माझ्या स्विफ्ट डिझेलचे दीड लाख झाले, कोणी हात लावला नाही.

गंगापूररोडवाला :
अहो, स्विफ्टच्या 1.3 मल्टिजेटला बेल्ट नाहीच, चेन आहे! व्हेरिटोचं इंजिन रेनोचं 1.5 डीसीआय, डस्टरमधलंच. त्याला बेल्ट.

डिझेलभक्त :
बरं, चेन सोडा. वरचं कव्हर काढून बेल्ट बघा ना. चिरा नसतील तर चालवा बिनधास्त.

पाथर्डी_फाटा :
चिरा बघून काही कळत नाही. बेल्टचा जोर आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत असतो, त्या बाहेरून दिसत नाहीत. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, पिस्टन वर आला की व्हॉल्व्हला जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थांबतो, क्रँक (पिस्टन हलवणारा दांडा) फिरतच राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवा, व्हॉल्व्ह बदला. आणि हे कसारा घाट उतरताना झालं तर? ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम पंप त्याच कॅमवर फिरतो. ब्रेक दोन-तीनदा दाबला की पॅडल दगड, स्टिअरिंगही जड.

सातपूरकर :
माझा विरोध आहे, पण कारण वेगळं. मला भीती बेल्टची नाही, बसवणाऱ्याची आहे. या इंजिनला कॅमसाठी एक आणि क्रँकसाठी एक अशा लॉकिंग पिना लागतात, म्हणजे बेल्ट बदलताना दोन्ही जागेवरून हलत नाहीत. कोपऱ्यावरचा मिस्त्री व्हाइटनरच्या खुणा करतो, जुना काढतो, नवा चढवतो. एक दात सरकला की गाडी कायमची मरगळलेली. क्रँकचा बोल्ट नवा टाकून, टॉर्क देऊन (ठरलेल्या जोराने आवळून), वर मोजून अंशात फिरवायचा असतो. इथे एअर गनने घर्रर्र, झालं काम. त्यापेक्षा फॅक्टरीत बसवलेल्या जुन्या बेल्टवर माझा जास्त भरवसा. शिवाय 2028 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील, रि-पासिंग आलं. तोवर किती ओतायचे?

पाथर्डी_फाटा :
पिनांचं शंभर टक्के खरं. पण मग गॅरेज बदला, बेल्ट कशाला तसाच ठेवता? आधी पिना दाखव म्हणा. बेल्ट बसवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन फेरे फिरवायचा, तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो. मग पिना पुन्हा अलगद बसल्या पाहिजेत, त्यानंतरच स्टार्टर. कव्हरच्या आत ऑइल दिसलं तर ऑइल अडवणारं सील पण बदला, नाहीतर नवा बेल्टही तेलाने खराब होईल.

सिडकोकर :
बेल्टचं पटलं. पण पंप का? थेंबभरही गळत नाही.

डिझेलभक्त :
पंप म्हणजे कमिशन. लिहून ठेवा.

गंगापूररोडवाला :
पंप त्याच बेल्टवर फिरतो भाऊ. उद्या बेअरिंग गेलं की सगळं परत खोला, मजुरी परत. जाम झाला तर नवा बेल्ट घेऊनच जाईल.

सातपूरकर :
स्वस्तातला पंप टाकलात तर तो जुन्याच्या आधी गळेल. टाकायचाच तर स्वतः घेऊन या, बॉक्स समोर उघडायला लावा. जुने पार्ट परत मागा.

सिडकोकर :
आत्ता फोन केला गॅरेजला. पिना आहेत का विचारलं, तर म्हणतो, "साहेब, पंचवीस वर्षं हेच करतोय, पिना कशाला?" गाडी परत आणतोय. अंबडच्या बाजूला पिना लावून काम करणारा कोणी माहीत असेल तर सांगा.