सिगारेट सुटली, पण कॉफी अंगावर येतेय

पहाटवारा:
सात आठवड्यांपूर्वी सिगारेट सोडली. वीस वर्षं रोज दहा-बारा ओढत होतो. पहिला पंधरवडा कसाबसा काढला. आता वेगळंच सुरू झालंय. अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधड होते आणि नसत्या काळज्या डोक्यात घोळत राहतात. दीडला डोळा लागतो, चारला टक्क जाग. सही करताना हात कापतो. कॉफी दिवसाला पाच कप, शेवटचा संध्याकाळी सहाला, पण ती सवय जुनीच आहे. घरचे म्हणतात, सिगारेट सोडल्याचाच हा त्रास. काल खरंच वाटलं, एक ओढावी आणि शांत झोपावं. असं कुणाला झालंय का?

रातराणी:
मलाही चिडचिड व्हायची, पण महिन्याभरात निवळली. धडधड होतेय तर आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या. बाकी सगळं नंतर.

खलबत्ता:
ईसीजी काढाच. पण सिगारेट पेटवू नका, कळकळीने सांगते. मी औषधशास्त्र शिकवते, आणि तुमचं वर्णन वाचून मला आधी कॉफीचाच संशय आला.

कॉफी तेवढीच आहे, पण ती पचवणारं यकृत बदललंय. कॅफीनचा निचरा तिथलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम करतं. सिगारेटच्या धुरातले काही घटक (निकोटीन नव्हे, तंबाखू जळताना तयार होणारी हायड्रोकार्बनं) ते वाढवून ठेवतात, म्हणून ओढणाऱ्याच्या रक्तातून कॅफीन भराभर उतरतं. धूर थांबला की काही दिवसांतच हा वेग खाली येतो, आणि तेवढीच कॉफी पिऊनही रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. तुमचे पाच कप आता दहा कपांसारखे लागत असतील.

न ओढणाऱ्या माणसात साधारण पाच तासांनी निम्मं कॅफीन उरतं. म्हणजे सहाच्या कपातलं अर्धं अकरा वाजता रक्तात असतं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, त्यामुळे झोप येऊ लागते. कॅफीन नेमक्या त्याच्याच जागा अडवून बसतं. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं मानतात, आणि पाच मोठे कप तिथवर सहज पोचतात. अस्वस्थपणा आणि झोपमोड सिगारेट सोडल्यावरही होते, त्यामुळे दोन्हींची गल्लत होते आणि माणूस पुन्हा धुराकडे वळतो. मला त्याचीच भीती वाटते.

एक विचारायचं राहिलं: मध्यंतरी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलंत का? तेही हेच एन्झाइम रोखतं.

पहाटवारा:
औषध कुठलंच नाही. तुमचं वाचून परवापासून कॉफी पूर्ण बंद केली. हात जरा थांबलाय, पण आज डोकं फुटतंय. डोकेदुखीची गोळी घेऊ का?

खलबत्ता:
अहो, एकदम बंद करायची नव्हती! माझीच चूक, आधी सांगायला हवं होतं. कॅफीन अचानक थांबलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट जातात, आणि ते आठवडाभरही रेंगाळू शकतं. गोळीच्या वेष्टनावरचे घटक वाचा, काही गोळ्यांत कॅफीनच घातलेलं असतं. त्यापेक्षा सकाळी एक कप आणि बाराच्या आत दुसरा घ्या. चार-पाच दिवस तिथेच थांबा, मग दुसरा कप अर्धा करा.

रातराणी:
आणि ईसीजी?

पहाटवारा:
अकरा दिवसांनी लिहितोय. ईसीजी व्यवस्थित आला. सकाळचा एक कप आणि अकराला अर्धा, एवढंच घेतो. काल साडेअकराला झोपलो, सव्वापाचला उठलो. सिगारेट ओढलेली नाही. सोडताना ज्या डॉक्टरांकडे जात होतो, त्यांनी कॉफीबद्दल काहीच विचारलं नव्हतं. पुढच्या भेटीत मीच त्यांना हे सांगणार आहे, म्हणजे पुढच्या पेशंटला ते विचारतील.