मदत हवी आहे : वेताळाच्या जुन्या अंकांना लागलेला गंज

खानापूरच्या आमच्या घरी माळ्यावरील ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे तीसेक मराठी अंक सापडले असून, त्यांत बहुतेक वेताळाचे (म्हणजे फँटम या चित्रकथा-नायकाचे), थोडे जादूगार मॅन्ड्रेकचे आणि काही १९७६ साली अवतरलेल्या बहादूर या नायकाचे, म्हणजे त्या वर्षीचे किंवा त्यानंतरचे आहेत. आमच्याकडील पावसाळी दमटपणामुळे पिना गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग उमटले आहेत आणि मुळातच हलका असलेला कागद घडीवर तुटू लागला आहे. (चिकटपट्टी लावण्याचा घरच्यांचा सल्ला मी अर्थातच मानला नाही.) पाने न फाटता या पिना कशा काढाव्यात, त्यांच्या जागी सुती दोऱ्याने शिवणे योग्य ठरेल का, आणि मुखपृष्ठ हरवलेल्या अंकांचे वर्ष कशावरून ओळखावे, हे कृपया सांगावे. बेळगाव किंवा निपाणी परिसरातील जुन्या पुस्तकांची बांधणी करणारे कोणी माहीत असल्यास तेही कळवावे.