भुईमूग: टिक्का रोगात हिरवे राहिलेले झाड खरोखर प्रतिकारक असते का?

बीजांकुर

नमस्कार. भुईमुगाच्या लवकर येणाऱ्या, पण टिक्का (पानांवर ठिपके) आणि तांबेरा या दोन्ही बुरशीजन्य रोगांना सहज बळी पडणाऱ्या वाणाचा मी एका प्रतिकारक वाणाशी संकर केला असून त्याची एफ-३ (संकरानंतरची तिसरी) पिढी सध्या शेतात उभी आहे. शेंगा भरण्याच्या काळात बहुतेक झाडांची खालची पाने गळून गेली आहेत, काही झाडे मात्र बुडापासून शेंड्यापर्यंत हिरवी आहेत. परंतु उपटून पाहिले, तर नेमक्या त्याच झाडांच्या आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) अजून कोवळ्या असतात आणि शेंगा पोचट निघतात. ही झाडे प्रतिकारक समजावीत, की ती उशिरा पक्व होणारी असल्यामुळे तशी दिसतात? आणि प्रतिकारकता व लवकर पक्वता हे दोन्ही गुण एकाच झाडात आणायचे असतील, तर निवड कशी करावी?

पर्णलक्षी

आपली शंका अगदी रास्त आहे, कारण या पिकात निवड फसते ती बहुधा इथेच. शेंगा भरू लागल्या की पानांतील अन्नद्रव्ये शेंगांकडे वळतात, पाने लवकर जून होतात, आणि जून पाने टिक्क्याला अधिक बळी पडून गळतात. उशिरा येणाऱ्या झाडावर हा ताण त्या वेळी आलेलाच नसतो. म्हणून सर्व झाडांची एकाच तारखेला १ (निरोगी) ते ९ (अतिरोगट) च्या मापनपट्टीवर नोंद घेतली, तर उशिरा येणारी झाडे आपोआप चांगल्यांत गणली जातात. प्रत्येक झाडाची नोंद त्याच्या शेंगा भरण्याच्या सारख्याच टप्प्यावर घ्यावी.

टिक्क्याला पूर्ण मज्जाव करणारी प्रतिकारकता लागवडीच्या भुईमुगात सहसा मिळत नाही. मिळते ती रोगाचा वेग मंदावणारी. हा वेग मोजण्यासाठी सारख्या वयाची पाने देठाच्या फुगीर बुडासह तोडून ते बूड ओल्या वाळूत खोचावे, पानांवर रोगाच्या बुरशीच्या बीजाणूंचे पाणी फवारावे आणि ती दमट हवेत ठेवावीत. पहिला ठिपका किती दिवसांनी दिसतो, त्यावर बीजाणू कधी धरतात आणि ठिपका किती मोठा होतो, हे टिपावे. टिक्क्याचे लवकरचा आणि उशिराचा असे दोन प्रकार आहेत. उशिराच्या टिक्क्यात बळी पडणाऱ्या पानाची खालची बाजू भिंगातून पाहिली, तर काळ्या ठिपक्यावर बीजाणूंचे झुबके वर्तुळाकार रांगांत दिसतात. चांगल्या प्रतिकारक पानावर ठिपका लहान राहतो आणि झुबके तुरळक असतात. अशा तोडलेल्या पानावर शेंगांचा भारच नसल्याने आपल्या मूळ प्रश्नाचा निवाडा बराच स्पष्ट होतो.

रोगांची नोंदही वेगवेगळी ठेवावी. लवकरच्या टिक्क्याचा ठिपका तपकिरी असून त्याभोवती बहुधा पिवळे वलय असते आणि त्याचे बीजाणू मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूस येतात. तांबेऱ्याच्या नारिंगी पुळ्या खालच्या बाजूस येतात, आणि पान वाळले तरी ते बराच काळ झाडाला चिकटून राहते. एका रोगाला प्रतिकारक असलेले झाड दुसऱ्यालाही असेलच, असे नाही.

संकरक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, आता वंशाविषयी. आज वापरात असलेली बरीचशी प्रतिकारकता अरॅकिस कार्डेनासी या बोलिव्हियातील रानटी जातीतून आली आहे. तिची गुणसूत्रे २० आणि लागवडीच्या भुईमुगाची ४०. त्यामुळे १९६० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात झालेल्या संकरातून प्रथम वांझ झाडे मिळाली, गुणसूत्रे दुप्पट करून ती ६० वर नेल्यावर झाडांना बी धरले, आणि पुढच्या पिढ्यांत गुणसूत्रे गळत जाऊन पुन्हा ४० झाली. या जातीचा वारसा धारवाडच्या जीपीबीडी-४ या वाणातही आहे.

या वाणातील तांबेऱ्याच्या आणि उशिराच्या टिक्क्याच्या प्रतिकारकतेचा मोठा वाटा ए-०३ या गुणसूत्राच्या एका भागात असल्याचे आढळले. मार्करच्या (जनुकाजवळची, प्रयोगशाळेत ओळखता येणारी डीएनएची खूण) साहाय्याने तोच भाग टीएजी-२४, जेएल-२४ आणि आयसीजीव्ही-९१११४ या वाणांमध्ये आणण्याचे काम हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. माझ्या मते आपल्यासाठी ही वाट सर्वांत उपयोगी आहे. उशिराच्या टिक्क्याची प्रतिकारकता अनेक अभ्यासांत अप्रभावी जनुकांची, म्हणजे दोन्ही पालकांकडून आल्यावरच गुण दाखवणाऱ्या जनुकांची, असल्याचे दिसले आहे. ती जनुके एकेरी असलेले झाड शेतात रोगटच दिसते आणि आपण ते टाकून देतो. मार्कर मात्र असे झाड ओळखून देतो, त्यामुळे लवकर येणाऱ्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करीत असताना मधली स्वपरागणाची पिढी वाचते.

बीजांकुर

मनःपूर्वक आभार. मार्कर तपासणीची सोय नसेल, तर हाती असलेल्या एफ-३ पिढीचे काय करावे?

संकरक

एकेका झाडावर निर्णय घेऊ नये. निवडलेल्या प्रत्येक झाडाची पुढील पिढीत स्वतंत्र ओळ लावावी. काही ओळींच्या अंतराने बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ पेरावी, म्हणजे रोग सर्वत्र सारखा पसरेल. लवकर पक्वता आणि प्रतिकारकता यांचा मेळ क्वचितच बसतो, म्हणून ओळींची संख्या जितकी मोठी ठेवता येईल तितकी ठेवावी. बियाणे पुरेसे झाले, की प्रत्येक वंश बुरशीनाशक फवारलेल्या आणि न फवारलेल्या अशा दोन्ही तुकड्यांत लावून लवकर येणाऱ्या मूळ वाणाच्या काढणीच्या दिवशीच उपटावा आणि दाण्यांचा उतारा तोलावा. फवारलेल्या तुकडीतही ज्याचे दाणे त्या दिवशी भरलेले नसतील, तो वंश उशिराचा समजून वगळावा, मग त्याची पाने कितीही हिरवी असोत.