मदत हवी आहे: आठ जीबीचा जुना लॅपटॉप, विंडोज ठेवू, लिनक्स टाकू की मॅक घेऊ? (घरी टॅली पण लागतं)

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, राहते त्रिमूर्ती नगरात. आयटी पार्ककडच्या एका छोट्या कंपनीत दीड वर्षापासून वेब डेव्हलपर आहे. ऑफिसात डेस्कटॉप मिळतो, पण घरून काम करायचं तर लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा. माझा २०१७ चा आहे: आय-फाईव्ह, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०.

त्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ टाकायला गेले तर लॅपटॉप पात्रच नाही. प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे आणि यादी आठव्यापासून सुरू होते. एका पिढीने हुकलं बघा.

विंडोजवर तसंही माझं डोकं फिरून राहिलं होतं. आमचा कोड शेवटी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवर चालतो. मागच्या महिन्यात घरून काम करताना एका फाईलचं नाव कॅपिटल एचने होतं, मी इम्पोर्टमध्ये, म्हणजे ती फाईल बोलावणाऱ्या ओळीत, स्मॉल एच लिहिला. विंडोजला दोन्ही सारखेच, त्यामुळे माझ्याकडे सगळं छान चाललं. सर्व्हरवर टाकलं तर ‘मॉड्यूल सापडत नाही’. शुक्रवारची संध्याकाळ, दोन तास मी पॅकेजेस काढून परत टाकत बसले. शेवटी आमच्या सीनियर दादांनी स्क्रीनकडे एकदाच पाहिलं अन् म्हणाले, “अगं, एच लहान आहे ना तुझा.”

मग डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, टाकलं. चालतं, पण डॉकर (आमचा कोड सर्व्हरसारख्या बंद डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) सुरू केलं की टास्क मॅनेजरमध्ये व्हीएममेम नावाचं, म्हणजे त्या आतल्या लिनक्सचं, धूड साडेतीन जीबी खाऊन बसतं. वर क्रोम. पंखा असा ओरडतो की बाजूच्या खोलीतून आई विचारते, कूलर सुरू केला काय? अजून मे यायचाच आहे.

ऑफिसातले निम्मे लोक मॅकवाले. ते म्हणतात, सेकंडहँड एम-वन एअर (ॲपलचा मॅकबुक) घे, सुटशील. बजेट ४५ हजारांच्या वर जात नाही.

आणि खरी गोम ही की लॅपटॉप एकटीचा नाही. बाबांचं इतवारीत दुकान आहे, रात्री जेवण झालं की ते टॅलीत एंट्र्या करतात. टॅली विंडोजवरच चालतं. त्यांना नवीन काही शिकवायची माझी हिंमत नाही.

तुम्ही लोक रोजच्या कामाला काय वापरता आणि का? ‘आपापल्या आवडीवर आहे’ हे उत्तर कृपया नको, ते ऑफिसात मिळालंय.

खिडकीवाला
उगाच घाबरू नका. घरगुती विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. आणि बहुसंख्य डेव्हलपर विंडोजवरच आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या साइटच्या २०२४ च्या सर्व्हेत वैयक्तिक वापरात साधारण ५९ टक्के, ऑफिसच्या कामात ४८ च्या आसपास. मॅक ३२.
एक सांगा, डब्ल्यूएसएल वापरताना प्रोजेक्ट कुठे ठेवलाय?

धागाकर्ती
डी ड्राईव्हवर. का?

खिडकीवाला
तिथेच तर चुकलं! लिनक्समधून विंडोजच्या ड्राईव्हवरची फाईल वाचायची म्हणजे दरवेळी मधला पूल ओलांडायचा. नोड मॉड्यूल्सच्या, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार पॅकेजेसच्या, हजारो बारक्या फाईली, प्रत्येकीला तो हेलपाटा. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. तिथे कॅपिटल-स्मॉलचा फरकही कळतो, म्हणजे तुमचा तो एच घरीच पकडला गेला असता. रॅमचं म्हणाल तर डब्ल्यूएसएल मुळातच निम्मी रॅम धरून चालतं. त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये मर्यादा घालता येते, पण आठमधून कोणाला किती देणार, हेही आहेच.

तर्रीबाज
त्या सर्व्हेत एका माणसाला दोन-तीन उत्तरं देता येतात, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. आणि ‘वापरतो’ म्हणजे ‘आवडतं’ असं नाही. आमच्या मिहानच्या ऑफिसात सगळे विंडोजवर, कारण कंपनीने तेच दिलं. कोणी विचारलं होतं काय आम्हाला?
ताई, ओएस नंतर. आधी ती हार्ड डिस्क बदला. एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाकली की अर्धी तक्रार तिथेच संपते.

पुण्याहून
आयफोनचं ॲप करायचं असेल तर मॅकला पर्याय नाही, ते बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर एक्सकोड दुसरीकडे चालतच नाही. तुम्ही वेबवाल्या, तुम्हाला ती सक्ती नाही. एम-वन एअर मशीन मस्तच, बॅटरी दिवसभर जाते, पंखाच नाही त्यामुळे काकूंची कूलरची शंका मिटेल. पण आठ जीबीवाला घेऊ नका, त्यात रॅम नंतर वाढत नाही. शिवाय मॅकवरही डॉकर आतल्या आत लिनक्सचं व्हीएमच (व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर) चालवतं, म्हणजे तुमचं धूड तिथेही आहे, फक्त नाव वेगळं.

अनामिक
आर्च लिनक्स टाका.

तर्रीबाज
आले हे, नवख्यांना अवघड लिनक्स सुचवणारे. यांना कोणीतरी पोहे द्या, तर्री मारून.

पेंग्विनवाला
माझं मत लिनक्स, आणि कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे: सर्व्हर उबुंटू आहे. डॉकर तिथे व्हीएमशिवाय चालतं, आठ जीबीत हा फरक फार मोठा. उबुंटू २४.०४ घ्या, २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मशीन फारच कण्हलं तर मिंट या दुसऱ्या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती.
बाबांच्या विंडोजला हात लावू नका. तुमच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राईव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) जुनी हार्ड डिस्क बसते. विंडोज तिथे, उबुंटू नव्या एसएसडीवर, दोन संसार वेगळे. त्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राईव्हवर घ्याच. मग लाईव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राईव्हवरूनच, उबुंटू नुसतं चालवून वायफाय लागतं का बघा, जुन्या लॅपटॉपला तिथेच ठेच लागते. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर उबुंटूला त्या ड्राईव्हवर लिहिता येणार नाही.
आणि घड्याळ! लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक वेळ, आपल्या साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं.

धागाकर्ती
अपडेट. शनिवारी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन ५१२ जीबीची एसएसडी, कॅडी आणि आठ जीबीची सेकंडहँड रॅम आणली. नव्या रॅमचा भाव ऐकून तशीच उठले होते, मग दुकानदारानेच जुनी काढून दिली. उबुंटू बसलं, वायफाय पहिल्या फटक्यात लागलं. काल डॉकर, क्रोम, एडिटर तिन्ही उघडे ठेवून काम केलं, आईने काही विचारलं नाही.

घड्याळाचं मात्र वाचलं होतं आणि विसरले. रात्री साडेनऊला बाबा टॅलीला बसले तर कोपऱ्यात चार वाजलेले. “चहाची वेळ झाली काय गं?” बरोब्बर साडेपाच तास मागे. उबुंटूला एका कमांडने स्थानिक वेळ धरायला सांगितलं, आता ठीक आहे.

एकच राहिलं. लॅपटॉप सुरू केला की यादी येते, दहा सेकंदांनी आपोआप उबुंटू उघडतं. बाबा बटण दाबून पाणी प्यायला जातात, परत येतात तोवर समोर जांभळा पडदा. मग मला हाक. शेवटचं वापरलेलं लक्षात ठेवेल असं करता येतं ना?

पेंग्विनवाला
येतं, पण करू नका. दिवसभर तुम्ही उबुंटूत असाल, तर रात्री तेच उघडणार. ग्रबच्या (ती सुरुवातीची यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाईलमध्ये डीफॉल्ट विंडोज करा, यादीतला क्रमांक न देता पूर्ण नाव द्या, आणि अपडेट-ग्रब ही कमांड चालवा. उबुंटूसाठी बाणाची कळ तुम्ही दाबा.

धागाकर्ती
झालं. बाबा पाणी पिऊन आले अन् सरळ टॅली उघडून बसले. सगळ्यांचे आभार. रॅमवर किती खर्च झाला ते त्यांना अजून सांगितलं नाहीये. इतवारीकडचं कोणी इथे असेल तर गप्प बसा प्लीज.