एक्स्ट्रिमिझमला मराठीत काय म्हणायचं? 'अतिरेकी' चालत नाहीये

माहीमची_भाषांतरवाली
दादरच्या एका कॉलेजच्या करिअर मेळाव्यासाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय ऑनलाइन सेफ्टी पॉलिसी आणि काउंटर एक्स्ट्रिमिझम, म्हणजे कुठला मजकूर राहू द्यायचा, कुठला काढायचा याचे नियम ठरवणाऱ्यांचं काम. कायदा, पत्रकारिता, राज्यशास्त्र, भाषा, कुठूनही लोक येतात त्यात. मी 'अतिरेकीविरोधी धोरण' लिहिलं तर संयोजक म्हणाले पोरांना एटीएसची भरती वाटेल. खरंच आहे, २६/११ ला पेपरांत कसाब अतिरेकीच होता. पण या कामात बंदूकवाला शेवटी येतो, त्याच्या बरंच आधी माथी भडकवणं चालू असतं ते बघायचं असतं. त्याला शब्द सुचवा प्लीज.

डोंबिवली_फास्ट_लोकल
जहाल! जहाल-मवाळ शाळेत शिकलोय सगळे, १९०७ ची सुरतची फूट. 'जहालवाद' करा, काम झालं.

फणसवाडी
अजिबात नको. टिळकांच्या गटाला जो शब्द लावतो तोच लोकांचे जीव घेणाऱ्यांच्या विचारांना लावायचा? मला नाही पटत.

डोंबिवली_फास्ट_लोकल
अहो पण गडचिरोलीच्या बातम्या वाचा, 'जहाल नक्षलवादी शरण' असंच छापतात. शब्द कधीच तिकडे गेलाय.

शुद्धमराठी
मूळ अर्थ बघा की. अतिरेक म्हणजे प्रमाणाबाहेर जाणं. 'अतिरेकवाद' निर्दोष आहे, पेपरवाल्यांनी वाट लावली म्हणून आपण का सोडायचा?

माहीमची_भाषांतरवाली
कारण वाचणारा पोरगा अठरा वर्षांचा आहे, तो मूळ अर्थ बघत नाही, बातम्यांत ऐकलेला अर्थच घेतो. 'मूलतत्त्ववाद' पण लिहून बघितला, तो धर्मापुरताच वाटतो.

बीकेसीतला_रिव्ह्यूवाला
मी याच कामात आहे म्हणून लिहितो, इथे शब्दावर खरंच खूप अडतं. न्यूझीलंडमधला क्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला, १५ मार्च २०१९, ५१ जणांचे जीव गेले आणि मारेकऱ्याने ते लाइव्ह दाखवलं. तो वर्णद्वेष्टा होता, मूलतत्त्ववाद म्हणून कसं चालेल? फेसबुकने पहिल्या २४ तासांत त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढल्या, त्यातल्या १२ लाख अपलोड होतानाच अडवल्या. ते काढायचं यावर वाद नव्हताच, वाद असतो त्याचं कौतुक करणाऱ्या, आडून बोलणाऱ्या पोस्टींवर. युरोपियन युनियनचा, आदेश आला की एका तासात काढा, हा नियम ७ जून २०२२ पासून लागू आहे, पण तो फक्त दहशतवादी मजकुराला, त्याच्या अलीकडचं सगळं आम्ही वाचून ठरवायचं.
मराठीत तर अजून अवघड. 'फोडून काढा' क्रिकेटच्या व्हिडिओखाली असेल तर कौतुक. तेच एखाद्या वस्तीच्या फोटोखाली, पत्त्यासकट, दंगलीच्या दुसऱ्या दिवशी आलं तर? शब्द तेच, मशीनला फरक कळत नाही, इथल्या माणसाला कळतो. पत्रकात हे जरूर लिहा, मराठी चांगलं असणं ही या कामात मोठी पात्रता आहे.

फणसवाडी
आणि शब्द ढिले ठेवले की काय होतं ते पालघरला बघितलंय. २०१२ ला मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट आणि दोन मुलींना अटक. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ६६अ कलमच रद्द केलं, शब्दरचना मोघम आहे म्हणून. म्हणून म्हणते घाई नको.

कोकणकन्या_एस७
'कट्टरतावाद' का नाही?

डोंबिवली_फास्ट_लोकल
हिंदी चॅनलचा शब्द वाटतो तो. आणि आपल्याकडे कट्टर अभिमानाने म्हणतात, कट्टर मुंबईकर, कट्टर सचिन फॅन.

शुद्धमराठी
अभिमानाचा शब्द 'कडवा' आहे, कडवा कार्यकर्ता. कट्टर नंतर आला.

कोकणकन्या_एस७
आमच्याकडे कडवे फक्त वाल. माणसाला कडवा म्हटलं की तो कुणाशी नीट बोलत नाही असंच आजी समजायची.

फणसवाडी
आजीचा अर्थ वेगळा हो, गिरगावात कडवा म्हणजे पक्ष पडला तरी बॅनर लावायला येणारा. कट्टर माणूस वाद घालतो, कडवा घालत बसत नाही.

शुद्धमराठी
हा फरक तुमच्या गल्लीपुरता आहे. कोशात दाखवा.