खोलीतली होडी: किटवरून मोटरबोट बांधणाऱ्यांचे अनुभव

गेल्या महिन्यात पाच सपाट खोकी घरात आली. आत ६ आणि ९ मिलिमीटर मरीन प्लायच्या मशीनवर कापलेल्या फळ्या, इपॉक्सीचे (दोन द्रव कालवले की घट्ट होणाऱ्या गोंदाचे) डबे, फायबरग्लासची पट्टी, तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणि एक पुस्तिका. यातून ४ मीटरची, मागे आउटबोर्ड (बाहेरून अडकवायचं इंजिन) लावायची उघडी होडी व्हायची आहे. तळाच्या आणि बाजूच्या फळ्या तारेने टाचून झाल्यात, सोमवारी सांधे भरायला घेणार. पुस्तिकेत सगळं सोपं दिसतंय, म्हणूनच धाकधूक आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, कुठे फसलात? पूर्ण झालेल्या होडीचे फोटो भरपूर पाहिलेत, त्याच्या आधीचं लिहा.

* * *

दार मोजलंत का? हसू नका. माझी होडी १.५५ मीटर रुंद आणि दार ९० सेंटिमीटर. एवढा हिशेब मीही केला होता: आडवी कुशीवर उभी केली की निघेल. आणि दारातून ती निघालीच. पण दारापुढे पॅसेजला काटकोनात वळण आहे, तिथे ४ मीटरची वस्तू वळत नाही. दोन तास चौघेजण ती पुढे-मागे करत होतो. शेवटी परत आत नेली आणि खिडकीची चौकट काढली. चौकट पुन्हा बसवायला होडी रंगवण्यापेक्षा जास्त दिवस गेले. होडीच्या मापाच्या काठ्या बांधून एक सांगाडा करा आणि तो घराबाहेर काढून बघा. आजच.

* * *

इपॉक्सीबद्दल लिहितो, कारण माझा सगळा धडा तिथेच झाला.

पहिल्या दिवशी उत्साहात अर्धा लिटर एकदम मगात कालवलं. ब्रश शोधायला वळलो, परत बघतो तर मगातून धूर आणि प्लॅस्टिक वाकडं झालेलं. इपॉक्सी वाळत नाही, तिची रासायनिक क्रिया होते आणि त्यात उष्णता निघते. खोल भांड्यात ती उष्णता अडकते, उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते, की झालंच. तेच मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतलं तर निवांत काम करता येतं. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की हातातला वेळ निम्म्यावर येतो.

प्रमाणात हातचलाखी चालत नाही. कुठल्या इपॉक्सीला २ भागांना १ भाग हार्डनर लागतं, कुठल्या ५ ला १. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर थोडं जास्त घातलं तर लवकर होत नाही, कायमचं चिकट राहतं. माझ्या एका सांध्याचं तसं झालं. पटाशीने आणि हीट गनने सगळं खरवडून काढलं, तीन संध्याकाळी गेल्या.

उघड्या लाकडावर पहिला हात सकाळी देऊ नका. दिवस तापत जातो तशी लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरावर बुडबुडे उठतात. ऊन उतरताना लावलं की लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेतं. हे मला चौथ्या फळीवर कळलं. आधीच्या तीन फळ्यांवर देवीचे व्रण आहेत, रंगाखाली झाकलेत.

आणि हातमोजे. एकदाही चुकवायचे नाहीत. सुरुवातीला काही होत नाही म्हणून मी चुकवले. पाचव्या महिन्यात मनगटावर पुरळ उठलं आणि आता डबा उघडला तरी खाज सुटते. ही ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. अंगाला लागलंच तर थिनरने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. व्हिनेगर, मग साबण-पाणी.

* * *

मी बांधली नाही. ती बांधली जात असताना त्याच घरात राहिले, हाही अनुभवच. ‘महिनाभराचं काम’ चौदा महिने चाललं. त्यातला बांधायचा वेळ थोडा, घासायचा फार. पॉलिश पेपरची ती पांढरी भुकटी मी कपाटातल्या घडीच्या चादरींमधून झटकली आहे. अहोंना एकच अट घातली होती: मास्क लावल्याशिवाय आणि दाराच्या फटीला ओलं फडकं लावल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. ती अट पहिल्या दिवशी घालायला हवी होती, मी सहाव्या महिन्यात घातली.

* * *

तारेने टाचून सांधे भरायची ही युक्ती १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये घरोघर पोचली ती मिरर नावाच्या शिडाच्या होडीमुळे. टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे आरेखक जॅक होल्ट यांची ती करणी. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ती पुढे आणली. अशा होड्या ७० हजारांच्या घरात झाल्या. माझी पहिली होडी तीच. ती सहज जमली म्हणून मोटरबोटीचं किट घेतलं आणि तोंडावर आपटलो.

कारण शिडाची होडी हळू चालते, तळ थोडा इकडेतिकडे झाला तरी ती सांभाळून घेते. मोटरबोट वेगात पाण्यावर चढून घसरत जाते, त्यामुळे तळाचा मागचा दीड मीटर पट्टीसारखा सरळ लागतो. तिथे आत खोलगट राहिलं तर नाळ (होडीचं पुढचं टोक) खाली दाबली जाते, होडी पाणी नांगरत जाते. बाहेर फुगवटा राहिला तर वेगात नाळ वर-खाली, वर-खाली उड्या मारत राहते. माझी उड्या मारायची. होडी उलटी करून, लांब पट्टी लावून बघितलं: ७ मिलिमीटर फुगवटा. आजूबाजूला लांबी (पुट्टी) भरून, घासून सरळ केला. सांधे भरण्याआधी हीच पट्टी पाच मिनिटं लावली असती तर एवढं झालं नसतं.

* * *

वरच्यांशी सहमत, आणि त्यात पिळाची भर घालतो. टाचलेली होडी म्हणजे अजून कापडच. जमीन जरा उंचसखल असली की ती त्या जमिनीचा आकार घेते, आणि इपॉक्सी भरली की तो पीळ जन्मभराचा. माझी होडी सरळ सोडली तरी एका बाजूला ओढते.

बघायचं कसं? एक सरळ काठी पुढे आणि एक मागे, दोन्ही काठांवर आडवी ठेवा. मागे उभं राहून एक डोळा मिटून बघा. दोन्ही काठ्या एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. कर्ण मोजा. नाळेच्या टोकापासून ट्रान्समच्या (मागच्या उभ्या फळीच्या) दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचं अंतर सारखं यायला हवं. नाळेपासून ट्रान्समच्या मध्यापर्यंत दोरी ताणा आणि तिच्यावरून ओळंबा सोडा. पाणसळीवर एकटीवर विसंबू नका, ती फक्त तिच्या खालच्या वीतभर जागेचं सांगते.

* * *

इंजिन घेण्याआधी ट्रान्समची उंची मोजा. आखूड पायाचं इंजिन (शॉर्ट शाफ्ट) साधारण ३८ सेंटिमीटरच्या ट्रान्समला, लांब पायाचं (लाँग शाफ्ट) ५१ च्या. स्वस्तात मिळालं म्हणून लाँग घेतलं, आता पाय पाण्यात फार खोल जातो आणि होडी नुसती फवारे उडवते.

ट्रान्समला बोल्टची भोकं मोठी पाडा, इपॉक्सीने पूर्ण भरा, मग त्यात योग्य मापाचं भोक पाडा. मरीन प्लाय कुजत नाही असं समजू नका. त्यातला गोंद पाण्याला दाद देत नाही, लाकूड ते लाकूडच.

* * *

चौदा महिने वाचून हायसं वाटलं. माझं चौथं वर्ष.

* * *

बूच!! ट्रान्समच्या तळाशी पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच. पहिल्यांदा पाण्यात उतरवली तेव्हा सगळे नातेवाईक काठावर, मी इंजिन सुरू करण्यात गुंग आणि बूच खिशात. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा मला वाटलं सांधा फुटला. आता ते बूच इंजिनच्या किल कॉर्डला (ओढली की इंजिन बंद पडतं त्या दोरीला) बांधून ठेवतो.

* * *

सगळ्यांचे आभार. आज काठ्यांचा सांगाडा वळणातून फिरवला, दोन बोटांची जागा ठेवून निघाला. मग पुढे-मागे काठ्या ठेवून एक डोळा मिटला. मागची काठी डावीकडे उतरती. कर्णात ११ मिलिमीटरचा फरक. डाव्या बाजूच्या तारा सैल केल्यात, ट्रान्समच्या कोपऱ्याखाली पाचर सारतोय. सोमवारी इपॉक्सी नाही.