टार्गेटिंग : रिप्ले पाहूनही निर्णय का पटत नाही?

चौथा_डाऊन
१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या पीच बोल या बाद फेरीच्या सामन्यात टेक्सास आणि अ‍ॅरिझोना स्टेट या विद्यापीठांच्या संघांत २४-२४ अशी बरोबरी होती आणि जेमतेम मिनिटभराचा खेळ उरला होता. तेव्हा टेक्सासच्या बचावपटूचे हेल्मेट पास झेलणाऱ्या खेळाडूच्या हेल्मेटवर आदळले. पंचांचा फ्लॅग (नियमभंगाचा इशारा) पडला नाही, आणि रिप्ले तपासूनही टार्गेटिंग, म्हणजे डोक्या-मानेला लक्ष्य करून दिलेली बेकायदा धडक, नसल्याचेच ठरले. अ‍ॅरिझोना स्टेटला पंट करावा लागला, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याकडे सोपवावा लागला, आणि पुढे दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये टेक्सास ३९-३१ ने जिंकले. डोक्याला डोके लागलेले सर्वांना दिसत असताना हा निर्णय नियमात कसा बसतो?

साइडलाइन
हेल्मेटला हेल्मेट लागणे एवढ्यावर टार्गेटिंग ठरत नाही. झेल घेणारा खेळाडू असुरक्षित स्थितीत, म्हणजे स्वतःचा बचाव करू न शकणारा, असावा लागतो, धडक जोरदार आणि डोक्याच्या किंवा मानेच्या भागावर असावी लागते, आणि शिवाय बचावपटूने झेप घेणे, डोके खाली घालून भिडणे, हेल्मेट पुढे करणे यांसारखी एखादी खूण दिसावी लागते. २०१९ पासून रिप्ले पंचाला यातील प्रत्येक घटक निश्चित करावा लागतो. एकाचीही खात्री पटली नाही, तर टार्गेटिंग देता येत नाही. वादाचे मूळ त्या खुणेत आहे, कारण संपर्क चित्रात दिसतो, पण खेळाडू लक्ष्य साधत होता की केवळ टॅकल करत होता, हे पंचालाच ठरवावे लागते. मला स्वतःला ती धडक टार्गेटिंगच वाटली.

जुना_लाइनमन
शिक्षेचे वजनही लक्षात घ्यावे. २०१३ पासून प्रतिस्पर्ध्याला १५ यार्ड देण्यासोबत दोषी खेळाडूला सामन्याबाहेर काढले जाते, आणि त्या सामन्याच्या वेळच्या नियमानुसार गुन्हा उत्तरार्धात घडला तर पुढील सामन्याच्या पूर्वार्धालाही त्याला मुकावे लागे. पहिल्या वर्षी तर रिप्लेने हकालपट्टी रद्द केली तरी १५ यार्ड कायम राहत, हा उघड अन्याय २०१४ मध्ये दूर झाला. माझ्या मते यार्डांची शिक्षा आणि हकालपट्टी वेगळी करावी. अनवधानाने झालेल्या धडकेला १५ यार्ड पुरेसे आहेत. डोक्याच्या दुखापती रोखण्यासाठी नियम हवाच, याविषयी मात्र माझ्या मनात शंका नाही.

साइडलाइन
वेगळे करण्यास माझी हरकत नाही. परंतु पास इंटरफिअरन्सची (पास झेलू पाहणाऱ्याला बेकायदा अडवण्याची) स्थिती याहून वाईट आहे, कारण तो निर्णय रिप्लेच्या कक्षेतच येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेक्सासच्या घरच्या मैदानावर, ऑस्टिन येथे, जॉर्जियाविरुद्ध टेक्सासवर तो फ्लॅग पडला, प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकल्या, आणि त्यानंतर पंचांनी आपसांत चर्चा करून फ्लॅग मागे घेतला. एसईसीने (दोन्ही संघ ज्या विद्यापीठ-गटात खेळतात त्या संघटनेने) टेक्सासला अडीच लाख डॉलर दंड केला. मागे घेण्याचा निर्णय योग्य असेलही, पण त्याआधी बाटल्या पडल्या होत्या, आणि पंचांसाठी याहून घातक पायंडा नाही.

चौथा_डाऊन
खुणेचे स्पष्टीकरण पटले. मग निकाल फिरवू शकणाऱ्या अशा निर्णयानंतर कोणता घटक सिद्ध झाला नाही, हे रिप्ले पंचाने त्याच वेळी मैदानावर जाहीर करावे, एवढीच माझी मागणी उरते.